मानेत पाहून हृदय ओळखणे: एका मोजपट्टीचा इतिहास

आजचा धागा हृदयाविषयी आहे. नेमके सांगायचे तर हृदयाकडे थेट न पाहता त्याच्याविषयी जाणून घेण्याच्या एका दीर्घ खटाटोपाविषयी.

लातूर असो वा नांदेड, सोनोग्राफी केंद्राच्या दारावर एक पाटी असतेच असते: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. त्या पाटीमुळे म्हणा किंवा सवयीमुळे म्हणा, सोनोग्राफी म्हणजे गरोदरपणाची तपासणी हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. प्रत्यक्षात त्याच खाटेवर एखादा पन्नाशीचा मधुमेही गृहस्थही झोपलेला असू शकतो. त्याच्या मानेला थंडगार जेल फासलेले असते आणि डॉक्टर पडद्यावर मानेतल्या धमनीची भिंत मोजत असतात. शंका हृदयाची, तपासणी मानेची. ही रीत आली कुठून, ती कितपत खरी, आणि आपल्या माणसांना ती कितपत लागू पडते? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला थोडी वाट चालावी लागेल.

एका जागेची धमनी चाचपून सगळ्या देहाची अवस्था सांगायची, ही कल्पना आपल्याला परकी नाही. नाडीपरीक्षा म्हणजे तरी दुसरे काय? गंमत अशी की चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत नाडीपरीक्षेचे प्रकरण नाही. आयुर्वेदात ती ठळकपणे येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. वाताची नाडी जळू किंवा सापासारखी चालते, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उड्या मारते, कफाची हंसासारखी संथ असते, असे तिथले वर्णन आहे. हा काळ मराठवाड्याच्या दृष्टीने मोठा. देवगिरीच्या महादेवराय आणि रामचंद्रराय यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, म्हणजेच आपला हेमाडपंत, याने वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. दगडी देवळे आणि मोडी लिपी यांच्याशीच ज्याचे नाव जोडले जाते, तो वैद्यकाचाही जाणकार होता, हे अनेकांना ठाऊक नसते.

पण मनगटावरच्या बोटाला कळते ती रक्ताची चाल. धमनीच्या भिंतीत आत काय साठते आहे, ते बोटाला कळत नाही. त्यासाठी मृतदेह उघडावा लागला.

धमन्या कडक होण्याच्या विकाराला स्ट्रासबुर्गच्या झाँ लोबश्टाइन याने १८२९ मध्ये नाव दिले. पुढे १९०४ मध्ये जर्मनीच्या फेलिक्स मार्शांने त्या नावात भर घालून 'अथेरोस्क्लेरोसिस' हा शब्द घडवला. ग्रीक भाषेत 'अथेरे' म्हणजे लापशी आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे काठिण्य. शवविच्छेदनात जे दिसले ते एका शब्दात आले: आत मऊ, लापशीसारखा मेद आणि त्याभोवती कडक कवच. मराठीत आपण 'धमनीकाठिण्य' म्हणतो खरे, पण त्यात लापशी गळाली आहे, आणि जीव घेते ती बहुतेकदा लापशीच. कवच फुटते, आतला मेद रक्ताला लागतो, रक्त गोठते, वाट बंद होते.

हा विकार म्हातारपणाचा, ही समजूत १९५३ मध्ये मोडली. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते आणि ७७ टक्क्यांहून अधिक हृदयांत विकाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. साठच्या दशकात १४ देशांतल्या २३ हजारांहून अधिक मृतदेहांच्या धमन्या एका पद्धतीने तपासल्या गेल्या. अशा कामांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. हा विकार एका अवयवाचा नाही. तो मोठ्या व मध्यम धमन्यांच्या सगळ्या जाळ्याचा आहे, आणि लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होतो. आपल्या गोष्टीचा पाया हाच.

मग थेट हृदयाच्याच धमन्या का पाहू नयेत? कारण त्या पाहणे अवघड आहे. त्यांची रुंदी तीन-चार मिलिमीटर. त्या बरगड्यांच्या मागे, हवेने भरलेल्या फुप्फुसांच्या आड असतात आणि प्रत्येक ठोक्यासरशी हलतात. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली, तो किस्सा प्रसिद्ध आहे. १९५८ मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या हातून हृदयाच्या धमनीत रंगद्रव्य सोडले गेले आणि अँजिओग्राफीचे युग उघडले. तेव्हापासून आजतागायत घराघरांत 'किती टक्के ब्लॉकेज?' हा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नातच एक खोट आहे. अँजिओग्राफीत दिसतो तो धमनीतला पोकळ मार्ग. शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की भिंतीत मेद साठू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट मोकळीच ठेवते. साधारण ४० टक्के जागा मेदाने व्यापेपर्यंत वाट अरुंद होत नाही. अडत दुकानात मालाच्या थप्प्या वाढत जाव्यात आणि मालकाने भिंत मागे सरकवून गिऱ्हाइकाची वाट तेवढीच ठेवावी, तसे. वाट पाहणाऱ्याला दुकान रिकामेच वाटणार. आजार लवकर ओळखायचा तर वाट पाहून भागणार नव्हते, भिंत पाहायला हवी होती.

भिंत पाहण्याचे साधन भलत्याच दिशेने आले. श्राव्यातीत ध्वनीची कथा आपल्याला शाळेत शिकवतात, म्हणून धावते सांगतो. १७९४ च्या सुमारास इटलीच्या स्पालांझानीला कळले की वटवाघूळ डोळ्यांविना उडते, पण कान बंद केले की धडपडते. १८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाबाखाली वीज देणारे स्फटिक शोधले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ याने त्याच स्फटिकांच्या साहाय्याने पाणबुड्या हुडकण्याचे तंत्र रचले. नंतर तोच ध्वनी कारखान्यांत धातूच्या पोटातल्या भेगा शोधू लागला. १९५३ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरातले डॉक्टर इंगे एडलर आणि पदार्थविज्ञानाचे हेल्मुट हर्ट्झ यांनी असलेच धातू तपासण्याचे यंत्र आणून जिवंत हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. आज आपण ज्याला 'इको' म्हणतो, त्याची ही सुरुवात.

दुसरा धागा डॉप्लरचा. १८४२ मध्ये प्रागला ख्रिस्तियान डॉप्लर याने जोडताऱ्यांच्या रंगांविषयी एक निबंध वाचला. १८४५ मध्ये बाइस बालोट या डच शास्त्रज्ञाने त्याची परीक्षा घेतली ती उत्रेख्तजवळ चालत्या रेल्वेगाडीवर तुतारीवादक बसवून! गाडी जवळ येताना सूर चढला, दूर जाताना उतरला. पुढे शंभरेक वर्षांनी ओसाकाच्या शिगेओ सातोमुरा यांनी हेच तत्त्व वाहत्या रक्ताला लावले. सत्तरच्या दशकात सिएटलच्या संशोधकांनी चित्र आणि प्रवाह ही दोन्ही अंगे एकाच यंत्रात आणली. आता मानेतल्या कॅरोटिड धमनीची भिंत दिसू लागली आणि तिच्यातून धावणाऱ्या रक्ताचा वेगही मोजता येऊ लागला.

मानच का, याचे उत्तर सोपे आहे. कॅरोटिड धमनी कातडीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर असते, बरीचशी सरळ असते, हृदयाच्या धमन्यांसारखी नाचत नाही आणि तिच्यासमोर हाड वा हवा नसते. ध्वनीला याहून सोयीची जागा शरीरात क्वचितच मिळेल.

मान आणि हृदय यांचे नाते याआधी कानांनी ऐकले गेले होते. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून हृदयविकाराचा प्रदीर्घ अभ्यास सुरू आहे. मानेला स्टेथोस्कोप लावल्यावर काहींच्या धमनीतून 'सर्र' असा आवाज येतो. अशा लोकांचे पुढे काय झाले, हे तिथल्या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडले. त्यांना पक्षाघात अधिक झाला हे अपेक्षितच होते. पण हृदयविकाराचे झटकेही दुपटीच्या आसपास आले. आवाज मानेत होता आणि घात हृदयात झाला.

आणि मग १९८६ चे मिलान. पाओलो पिन्योली आणि सहकाऱ्यांनी धमन्यांचे तुकडे ध्वनियंत्राखाली ठेवले. पडद्यावर दोन समांतर उजळ रेषा दिसत होत्या, मध्ये काळी पट्टी. त्यांनी तेच तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि दाखवले की त्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे धमनीच्या आतल्या दोन थरांची, अंतःस्तर आणि मध्यस्तर यांची, एकत्रित जाडी. चीरफाड नाही, किरण नाहीत, सुई नाही. जिवंत माणसाच्या धमनीची भिंत मिलिमीटरच्या अंशात मोजता येते, ही साधी गोष्ट नव्हती.

या मोजपट्टीचा उत्कर्ष वेगाने झाला. १९८७ मध्ये अमेरिकेच्या चार वस्त्यांत ४५ ते ६४ वयाच्या १५ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास सुरू झाला. १९९७ मध्ये त्याचे फलित आले: ज्यांची जाडी १ मिलिमीटर किंवा अधिक होती त्यांना हृदयविकाराचा धोका पुरुषांत जवळपास दुप्पट आणि स्त्रियांत सुमारे पाचपट. फिनलंडच्या कुओपिओतून तसेच निष्कर्ष आले, पासष्टीपुढच्या अमेरिकनांविषयी १९९९ मध्ये पुन्हा तसेच. औषध कंपन्यांनाही ही मोजपट्टी आवडली. झटका कोणाला येतो याची वाट पाहायची तर हजारो माणसे आणि बरीच वर्षे लागतात. जाडी मोजायची तर काही शेकडा माणसे आणि दोन वर्षे पुरतात.

इथेच पाय घसरला. तरुण वाचकांनी ही आकडेमोड स्वतः करून पाहावी. ७.५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची शरीरातली तरंगलांबी सुमारे ०.२ मिलिमीटर. मोजायची जाडी ०.६ ते १ मिलिमीटर. आणि ती जाडी वर्षाला वाढते साधारण एक शतांश मिलिमीटर! म्हणजे ज्या काठीने मोजायचे, तिचाच विसावा भाग शोधायचा. हजार माणसांची सरासरी काढली तर हे जमते. पण 'तुमची जाडी गेल्या वर्षीपेक्षा वाढली' असे एका माणसाला सांगणे म्हणजे कासऱ्याने केस मोजण्यासारखे आहे.

२००८ मध्ये याचा गाजावाजा झाला. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल असलेल्या ७२० रुग्णांवर इझेटिमाइब या औषधाची चाचणी झाली होती. जुन्या औषधाला याची जोड दिली तेव्हा कोलेस्टेरॉल आणखी उतरले, पण दोन वर्षांनी मानेतल्या जाडीत फरक पडला नाही. निकाल बाहेर यायला उशीर झाला म्हणून अमेरिकेच्या संसदेने चौकशी आरंभली, औषधाच्या नावाने खडे फोडले गेले. पुढे २०१५ मध्ये १८ हजारांहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी संपली, तेव्हा त्याच औषधाने झटक्यांसारख्या घटना थोड्या, पण निश्चित कमी केल्याचे दिसले. औषध काम करत होते. ते काम त्या मोजपट्टीवर उमटत नव्हते, इतकेच.

तोवर मोजपट्टीवर निकाल लागून गेला होता. २०१० मध्ये अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी तिला मध्यम धोक्याच्या लोकांसाठी योग्य म्हटले होते. २०१२ मध्ये ४५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर वय, रक्तदाब, धूम्रपान, कोलेस्टेरॉल या नेहमीच्या चार गोष्टी ठाऊक असताना जाडीमुळे ज्ञानात पडणारी भर नगण्य निघाली. २०१३ च्या सूचनांत संघटनांनी तिची नित्य तपासणी करू नये असे लिहिले. तीन वर्षांत राज्याभिषेक आणि पदच्युती!

आता आपल्या प्रश्नाकडे. ही सगळी मोजमापे कोणाच्या मानांवर झाली? मिलान, कुओपिओ, अमेरिकेतल्या चार वस्त्या. त्यांत लातूर-नांदेडचा माणूस कुठेच नाही.

तो, किंवा त्याचा भाऊबंद म्हणू, या इतिहासात येतो कॅनडातून. २००० मध्ये सोनिया आनंद आणि सहकाऱ्यांनी हॅमिल्टन, टोरंटो आणि एडमंटन या शहरांतल्या ९८५ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ३४२ जण दक्षिण आशियाई वंशाचे होते, बाकीचे चिनी आणि युरोपीय वंशाचे. सगळ्यांच्या मानेची सोनोग्राफी एकाच पद्धतीने झाली. सरासरी जाडी युरोपीयांची ०.७५ मिलिमीटर, दक्षिण आशियाईंची ०.७२, चिन्यांची ०.६९. या पट्टीवर आपली माणसे युरोपीयांपेक्षा बरी ठरली. आणि हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार? युरोपीयांत ५ टक्के, चिन्यांत २ टक्के, दक्षिण आशियाईंत ११ टक्के!

मान अधिक निकोप आणि हृदय दुपटीने आजारी. मला हा या इतिहासातला सर्वांत बोलका आकडा वाटतो. मोजपट्टी खोटी नव्हती, कारण प्रत्येक गटाच्या आत तिचा अर्थ टिकत होता. दक्षिण आशियाईंमध्येही ज्यांची जाडी अधिक, त्यांच्यात विकार अधिक. पण एका समाजावर आखलेली रेघ दुसऱ्या समाजावर तशीच ठेवता येत नव्हती. जुन्या काळी गावोगावचा शेर वेगळा असे. एका पेठेतला शेर घेऊन दुसऱ्या पेठेत ज्वारी मोजली की कोणीतरी नाडला जाई. इथे नाडला जाणार तो 'तुमची मान स्वच्छ आहे, घरी जा' असे ऐकणारा माणूस. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या अभ्यासानुसार, पहिला झटका येण्याचे मध्यक वय दक्षिण आशियात ५३ होते आणि इतरत्र जवळपास ५९. आपल्याकडे निर्धास्त राहायला वेळच सहा वर्षे कमी.

असे का व्हावे? कारणांचा एक मोठा शोध महाराष्ट्रातच लागला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघे शेजारी उभे, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला किडकिडीत, आतून मेदस्वी. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास चालवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालचा मेद मात्र त्या प्रमाणात घटलेला नव्हता. मधुमेह आणि हृदयविकार यांची बीजे गर्भातच पडतात की काय, असा तो प्रश्न. त्या गावांत गर्भाची आणि वारेची वाढ मोजली गेली ती सोनोग्राफीनेच.

मधुमेहाचा संबंध मानेतही दिसतो. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले की मधुमेही दक्षिण भारतीयांची सरासरी जाडी ०.९५ मिलिमीटर होती, मधुमेह नसलेल्यांची ०.७४. आपल्या लोकांवर आखलेल्या पट्टीच्या या आरंभीच्या रेघा. तेलंगणाला लागून असलेल्या नांदेडची शरीरे मिलानपेक्षा चेन्नईच्या अधिक जवळची, असे मानायला हरकत नसावी.

आता दारावरच्या त्या पाटीकडे यायला हवे. याज्ञिकांचा गट खेड्यांत वार मोजत होता, त्याच वर्षांत तेच यंत्र दुसऱ्याच कामाला जुंपले गेले होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला. योगायोग पाहा: नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही १९८८ मध्येच. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात गंभीर आजारी माणसाला हैदराबादला नेण्याची रीत होती. लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते तर २००२ मध्ये. म्हणजे रोगनिदानाची मोठी यंत्रणा या भागात रुजत होती त्याच वर्षांत तिच्यातले सर्वांत सोयीचे यंत्र संशयिताच्या पिंजऱ्यात उभे होते.

संशय अनाठायी नव्हता. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. तो कागदावरच राहतो आहे म्हणून पुण्या-मुंबईतल्या संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत लातूरच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? ८०७. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. आकडा वाचून क्षणभर थांबावे असा हा आकडा आहे.

त्यामुळे आज सोनोग्राफीचे यंत्र मानेसाठी घ्या वा हृदयासाठी, गर्भ दिसू शकत असेल तर त्याची नोंदणी कायद्याखालीच होते. २०१२ च्या नियमांनी हातात धरून नेता येणाऱ्या यंत्रांना आणखी बांधले. ते नोंदणीकृत जागेत, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरायचे, किंवा अनेक सेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकात. खांद्याला लावून वाडी-तांड्यावर जायचे नाही.

हे बंधन नेमके कुठे बोचते, ते कळण्यासाठी मोजपट्टीच्या पदच्युतीनंतर काय झाले ते पाहावे लागते. जाडी गेली, पण सोनोग्राफी गेली नाही. डॉक्टरांचे लक्ष भिंतीच्या सरासरी जाडीवरून भिंतीतल्या प्रत्यक्ष गाठीकडे, म्हणजे प्लाककडे वळले. भिंत वयाने आणि रक्तदाबानेही जाड होते, पण प्लाक हा तो विकारच. युरोपच्या २०१६ च्या सूचना हाच भेद करतात: जाडी मोजण्याची शिफारस नाही, प्लाक शोधण्याचा विचार करता येईल. आणि प्लाक शोधायचा तर एकट्या मानेवर भागत नाही. व्हॅलेंटिन फुस्टर यांच्या नेतृत्वाखाली माद्रिदला एका बँकेच्या ४० ते ५४ वयाच्या चार हजारांवर निरोगी कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. ६३ टक्क्यांत कुठे ना कुठे विकार निघाला. मानेत ३१ टक्क्यांना, पोटातल्या महाधमनीत २५ टक्क्यांना आणि ओटीपोटापासून जांघेपर्यंतच्या धमन्यांत ४४ टक्क्यांना. हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम दिसले ते फक्त १८ टक्क्यांत. विकार जांघेत आधी दिसतो, हे साठीतल्या सिगारेटवाल्यांचे पाय पाहणाऱ्या शल्यविशारदांना अंदाजाने ठाऊक असावे. आता ते चाळिशीतल्या धडधाकट लोकांत मोजले गेले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर केवळ मान पाहून समाधान मानले असते, तर यांतले कितीतरी जण सुटले असते. मानेत काही सापडले तर ते गांभीर्याने घ्यावे. काही सापडले नाही, तर त्यावरून हृदयाची हमी निघत नाही.

शेवटचा मुक्काम पुन्हा स्वीडनचा, पण यावेळी उत्तरेकडचा, विरळ वस्तीचा वेस्टरबॉटन प्रांत. तिथे ४०, ५० आणि ६० वर्षे पूर्ण झालेल्यांना आरोग्य केंद्रात तपासणीला बोलावण्याची प्रथा १९८० च्या दशकापासून आहे. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक लोकांच्या मानेची सोनोग्राफी झाली. निम्म्यांना त्यांच्या स्वतःच्या धमनीचे चित्र पाठवले गेले: तुमची धमनी किती वयाची दिसते, प्लाक आहे की नाही, तांबड्या-हिरव्या खुणेने. काही आठवड्यांनी परिचारिकेने फोन करून ते समजावून सांगितले. उरलेल्या निम्म्यांना हे चित्र दिले नाही. एका वर्षानंतर चित्र पाहिलेल्यांचा एकूण धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी झालेला आढळला, आणि तीन वर्षांनंतरही तो फरक टिकून होता. इथे सोनोग्राफीने डॉक्टरला नवे फारसे सांगितले नसेलही. तिने रुग्णाला सांगितले. तंबाखू सोडा, गोळी चुकवू नका, हे शंभरदा ऐकूनही न हलणारा माणूस स्वतःच्याच मानेतली गाठ पाहून हलला.

मुखेड, किनवट, निलंगा, औसा अशा तालुक्यांत असे करायचे ठरवले, तर रेडिओलॉजिस्ट शहरात, यंत्र नोंदणीकृत खोलीत आणि परिचारिकेला ते हाती धरण्याची मुभा नाही. म्हणून चित्र गावात जात नाही, माणसालाच एसटीने चित्राकडे यावे लागते, आणि काही दुखत नसताना कोणी येत नाही. कायदा सैल करावा, असे बीडचा ८०७ हा आकडा समोर असताना मला म्हणवत नाही. पण पुरुषाच्या मानेची तपासणी आणि गर्भाची तपासणी यांना वेगळे करणारे यंत्र, म्हणजे पोटात खोलवर न पोहोचणारे, केवळ वरवरच्या धमन्या दाखवणारे, तंत्रज्ञांना अशक्य नसावे. ध्वनीची कंपनसंख्या जितकी जास्त, तितका तो कमी खोल जातो, हे तर शाळेतलेच पदार्थविज्ञान आहे.